जुनी गाडी ठेवावी की बदलावी

चि. बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस, "बाबा, गाडी दुरुस्त करू की बदलून टाकू?" आणि मी "लिहून कळवतो" एवढेच म्हणून विषय थांबवला. तुला ते तुटक वाटले असेल. खरे कारण असे की त्या क्षणी माझ्या तोंडून "ठेव" हाच शब्द निघाला असता, आणि तो विचार करून नव्हे, मायेपोटी निघाला असता. ही गाडी 14 वर्षांपूर्वी कोरी असताना मी घेतली, 11 वर्षे मीच चालवली आणि गेली 3 वर्षे ती तुझ्याकडे आहे. क्लचच्या पेडलवरचे रबर डाव्या कडेला गुळगुळीत झाले आहे, ते माझ्या बुटाने झिजलेले आहे. मागच्या दाराच्या आतल्या बाजूला कंपासच्या टोकाने ओढलेली जी बारीक रेघ आहे, ती तू पाचवीत असताना ओढलीस आणि दोन दिवस कबूल केली नाहीस. अशा गाडीबद्दल मला विचारल्यावर मी लगेच उत्तर दिले नाही, हेच बरे झाले. दोन दिवस गाडीच्या खर्चाची आणि कामांची जुनी वही काढून बसलो आणि मग हे लिहायला घेतले.

आधी पैशांचे बोलतो, कारण तुझ्या डोक्यात सध्या तेच आहे. मेकॅनिकने क्लच, टायमिंग बेल्ट आणि पुढचे सस्पेन्शन असे तीन मोठे काम सांगितले असून तिन्हींचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळपास निम्मा होतो, आणि "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला" असे म्हणून त्याने गाडी काढण्याचा सल्ला दिला. हे ऐकायला पटते, पण त्यात ज्या दोन गोष्टींची तुलना केली आहे त्या एकमेकींशी ताडून पाहण्याजोग्या नाहीत. गाडीची किंमत म्हणजे दुसरा माणूस ती घेताना काय देईल तो आकडा. जोवर तुला ती वापरायची आहे तोवर त्या आकड्याचा तुला उपयोग नाही. तुला पाहायचे आहे ते हे की एवढा खर्च केल्यावर गाडी आणखी किती महिने निर्धास्तपणे चालेल आणि तेवढेच महिने दुसरी गाडी दारात ठेवायला काय लागेल. दुसऱ्या गाडीत कर्जाचा हप्ता असतो, विम्याचा वाढीव हप्ता असतो, आणि ज्याची पावती कुणी हातात देत नाही तो सर्वांत मोठा खर्च असतो, म्हणजे गाडीची घटत जाणारी किंमत. कोऱ्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत सर्वांत वेगाने उतरते. आपल्या गाडीची ती उतरण केव्हाच होऊन गेली आहे, आता तिथून फारसे खाली जायला जागाच उरलेली नाही.

वहीतले आकडे पाहिले. ज्या वर्षी रेडिएटर आणि एसीचा कॉम्प्रेसर असे दोन्ही एकदम गेले, ते आपले सर्वांत खर्चिक वर्ष होते, आणि त्या वर्षीचा एकूण दुरुस्तीखर्चसुद्धा अशाच नव्या गाडीच्या सहा महिन्यांच्या हप्त्यांइतका झाला नव्हता. म्हणून केवळ पैशांसाठी गाडी बदलण्याचा विचार तू करत असशील, तर तो हिशेब बसत नाही, हे मी स्पष्ट सांगतो. चालती जुनी गाडी चालवत राहणे बहुतेक वेळा स्वस्तच पडते. मात्र "आत्ताच तर टायर नवे टाकले, आता कशी सोडू" असे जे तू म्हणालीस, तेही हिशेबात धरू नकोस. तो पैसा खर्च झाला. गाडी ठेवलीस तरी तो परत येणार नाही आणि विकलीस तरी नाही. निर्णय पुढच्या खर्चावर व्हायला हवा.

आता गाडीच्या प्रकृतीबद्दल. क्लच, सस्पेन्शनचे बुश, शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेकचे पॅड हे सगळे झिजण्यासाठीच बनवलेले भाग आहेत. ते झिजले म्हणजे गाडी म्हातारी झाली असे नाही. टायमिंग बेल्टचेही तसेच. तो इंजिनाचे पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारा रबरी पट्टा असल्यामुळे कंपनीने ठरवून दिलेल्या किलोमीटरांनंतर किंवा वर्षांनंतर बदलायचाच असतो, मग तो वरून कितीही धडधाकट दिसो. फरक एवढाच की क्लच जाताना आधी सांगून जातो आणि हा पट्टा न सांगता तुटतो. तो तुटला की आपल्यासारख्या इंजिनात वर-खाली होणारे पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि मग बेल्टच्या खर्चात जे भागले असते, त्यासाठी अख्खे इंजिन उघडावे लागते. मागचा बेल्ट 96,000 किलोमीटरला बदलल्याची नोंद वहीत आहे आणि तू सांगितलेस त्याप्रमाणे मीटर आता 1,87,000 वर आहे, म्हणजे मेकॅनिक हे काम उगाच वाढवून सांगत नाही.

गाडी खरोखर संपली की नाही हे ओळखण्याच्या जागा वेगळ्या आहेत, आणि त्या तू स्वतः पाहाव्यास अशी माझी इच्छा आहे. रात्री गाडी उभी केल्यावर इंजिनाखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेव आणि सकाळी गाडी हलवून ते उजेडात पाहा. नुसते स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचे असते, त्याची काळजी नको. तपकिरी-काळा तेलकट डाग ऑइलचा असतो. हिरवा किंवा गुलाबी, बोटाला किंचित चिकट लागणारा डाग बहुधा कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा असतो. इंजिन पूर्ण थंड असताना ऑइलचे झाकण उघडून त्याची आतली बाजू बघ. तिथे दुधावरच्या सायीसारखा पांढुरका थर असेल आणि कूलंटची पातळीही सारखी खाली जात असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या सांध्यातली सील, फुटून पाणी ऑइलमध्ये मिसळत असल्याची शंका घ्यावी. नुसत्या जवळच्या फेऱ्या होत असतील तर ओलावा धरूनही थोडा थर येतो, म्हणून एकाच खुणेवर घाबरून जाऊ नकोस, ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीवरचे (डिपस्टिक) ऑइलही पाहा. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर ऑइल जळते आहे, आणि दाट पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी जळते आहे.

इंजिनापेक्षाही मी पत्र्याकडे जास्त लक्ष देईन. लोक जुन्या गाडीचे इंजिन ऐकतात, बॉनेट उघडून मान डोलावतात आणि खाली वाकून कोणी बघत नाही. गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढवून घे, हातात टॉर्च घेऊन खाली उभी राहा, आणि दारांखालून जाणारी लांब पट्टी, जॅक लावण्याच्या जागा आणि सस्पेन्शन जिथे चासीला जोडलेले असते ते सांधे स्वतः बघ. रंगावर आलेला तांबूस गंज घासून रंगवता येतो. पण मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर पत्र्याचा आवाज ठण न येता बद येत असेल, किंवा टोक दाबल्यावर ते आत जात असेल, तर तो पत्रा सडला आहे. अपघातात धक्का झेलणारा सांगाडा म्हणजे हाच पत्रा. तो सडलेला निघाला तर क्लचचा आणि बेल्टचा प्रश्नच उरत नाही, गाडीवर आणखी काहीही खर्च करू नये.

इंधनाचा मुद्दा मी फार मोठा मानत नाही. नवी गाडी थोडी जास्त ॲव्हरेज देईल, पण तुझे महिन्याचे फिरणे पाहता त्या बचतीतून गाडीची किंमत फिटायला फार वर्षे लागतील. पर्यावरणाचे म्हणशील तर नवी गाडी बनवतानाही पोलाद, काच आणि वीज लागतेच, हे तुझ्यासारखीला मी वेगळे सांगायला नको.

इथपर्यंत सगळे "ठेव" याच बाजूला झुकते आहे. तरीही, पत्रा शाबूत निघाला तरी, तू ही गाडी बदलावीस असे माझे मत झाले आहे, आणि त्याचे कारण मागच्या सीटवर बसणारा तुझा आठ महिन्यांचा मुलगा आहे.

मी ही गाडी घेतली तेव्हा दोन एअरबॅग आणि जोरात ब्रेक दाबल्यावरही चाके जाम होऊ न देणारे एबीएस ब्रेक एवढे असले की सुरक्षित गाडी घेतल्याचे समाधान होते. तीन जागी अडकणारा सीट बेल्ट 1959 मध्ये व्होल्वोच्या नील्स बोलिन या अभियंत्याने तयार केला आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. तो आपल्या गाडीत आहेच. पण गाडी घसरू लागताच चालकाला कळण्याआधी एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून ती सरळ ठेवणारी स्थिरता नियंत्रण यंत्रणा, जी 1995 पासून प्रवासी गाड्यांत येऊ लागली, ती आपल्या गाडीत नाही. बाजूने धडक बसल्यास डोके वाचवणारी पडद्यासारखी एअरबॅग नाही. लहान मुलाची सीट थेट गाडीच्या सांगाड्याला अडकवण्याचे आयसोफिक्सचे हूकही नाहीत, त्यामुळे तुला ती सीट बेल्टने आवळून बसवावी लागते. मागच्या खेपेला तू ती बसवलीस तेव्हा मी हाताने हलवून पाहिली होती. ती चार बोटे सरकली. मी तेव्हा बोललो नाही, बेल्ट पुन्हा आवळला आणि गप्प बसलो, आणि ती गोष्ट तेव्हापासून माझ्या मनातून गेलेली नाही. बेल्टने बसवलेली सीटही नीट बसवली तर सुरक्षित असते. पण रोजच्या घाईत ती दर वेळी तशी बसतेच असे नाही.

अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने 2009 मध्ये, स्वतःला 50 वर्षे झाल्याच्या निमित्ताने, 1959 सालची शेव्हरोले बेल एअर आणि 2009 सालची शेव्हरोले मालिबू या दोन गाड्या ताशी सुमारे 64 किलोमीटर वेगाने समोरासमोर, निम्म्या रुंदीवर आदळवल्या होत्या. त्याचे चित्रण मी पाहिले आहे. जुनी गाडी लांबलचक, जाड पत्र्याची, दिसायला अभेद्य. पण तिची बसण्याची जागाच चेपली आणि स्टिअरिंग चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्यावर आले. नव्या गाडीचे नाक चुरा झाले, पण आतली जागा जवळजवळ जशीच्या तशी राहिली आणि पुतळ्याला पायाच्या दुखापतीपलीकडे फारसे काही झाले नाही. आपल्या गाडीचे अंतर 50 वर्षांचे नाही, 14 वर्षांचे आहे, हे मला समजते. तरी "जुन्या गाड्यांचा पत्रा दणकट असे" हे जे मी तुला लहानपणापासून ऐकवत आलो, ते चुकीचे होते. नाकाने चुरा व्हायचे असते, म्हणजे आतल्या माणसापर्यंत धक्का कमी पोहोचतो.

तू एकटी असतीस आणि गाडी ऑफिसपर्यंत संथ रहदारीतून जाऊन येत असती, तर मी तुला तीनही कामे करून घेऊन आणखी चार वर्षे ती चालव असे सांगितले असते. पण आता दर पंधरवड्याला महामार्गावरून, बहुधा रात्री, मुलाला मागे बसवून प्रवास होतो.

त्यामुळे असे कर. कोरीच गाडी हवी असा हट्ट नको. तीन-चार वर्षे वापरलेली, स्थिरता नियंत्रण, पडद्यासारखी एअरबॅग आणि आयसोफिक्स या तिन्ही गोष्टी असलेली आणि सर्व्हिसिंगच्या नोंदी पूर्ण असलेली गाडी पाहा, म्हणजे पहिली मोठी उतरण आधीच्या मालकाने सोसलेली असेल. घेण्यापूर्वी तिच्या 17 अंकाक्षरांच्या चासी क्रमांकावरून कंपनीने कोणत्या दोषासाठी ती परत बोलावली आहे का आणि ते काम झाले आहे का, हे विचारून घे. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार अंक वाचायला शीक, त्यातले पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. आपल्या डिकीतली स्टेपनी बघ, ती गाडीइतकीच जुनी निघेल. घाई करू नकोस, गाडी चालती आहे तोवर शोधायला वेळ आहे. पण या शोधात दोन महिन्यांहून जास्त जाणार असतील तर टायमिंग बेल्ट बदलूनच घे, आणि ब्रेकचे ऑइलही. ते हवेतला ओलावा शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते, आणि वहीत त्याची शेवटची नोंद माझ्याच अक्षरात आहे. क्लच आणि सस्पेन्शन मात्र विकण्यासाठी म्हणून करू नकोस, तो खर्च किमतीत भरून निघत नाही.

आपल्या मुलासाठी जी गाडी पुरेशी नाही ती दुसऱ्याला कशी द्यायची, हा प्रश्न तुझ्या मनात येईल, म्हणून तेही लिहितो. जवळच्या अंतरात एकट्याने फिरणाऱ्याला ती अजून बरीच वर्षे साथ देईल. घ्यायला येणाऱ्याला ती कशासाठी हवी आहे हे विचार. क्लच आणि सस्पेन्शनचे काम बाकी आहे, थंड असताना दुसरा गिअर अडतो, आणि तिच्यात कोणकोणत्या सोयी नाहीत, हे सगळे त्याने विचारण्याआधी सांग, आणि तेवढी किंमत कमी घे.

डॅशबोर्डच्या कप्प्यात तुझी वही आहे आणि माझ्याकडे ही जुनी आहे. ही मी कुरिअरने पाठवतो आहे. दोन्ही वह्या गाडीबरोबर नव्या मालकाला देऊन टाक, त्याला त्यांचा उपयोग होईल. मुलाची सीट तोवर बसवताना गुडघा तिच्यावर टेकवून, सगळा भार देऊन मग बेल्ट ओढत जा.

तुझे,
बाबा