उद्योगिनीच्या अर्जात नसलेला रकाना

मा. लक्ष्मी हेब्बाळकर,
महिला व बालकल्याण मंत्री, कर्नाटक राज्य

सप्रेम नमस्कार.

आपण बेळगाव ग्रामीणच्या आमदार, तेव्हा बेळगाव शहरातलं वडगाव-शहापूर कुठं आलं हे आपल्याला सांगायला नको. मी याच भागात पापड, कुरडया आणि शेंगदाण्याची चटणी करून विकते. आमच्याकडं धंद्याचं कुणाला नवल नाही. बाप्यानं धंदा का काढला आणि बाईनं का काढला, यात मात्र फरक आहे आणि तो तुमच्या खात्याच्या कागदावर, बायकांना धंद्यासाठी कर्ज देणाऱ्या उद्योगिनी योजनेच्या अर्जातसुद्धा, कुठंच दिसत नाही.

उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, फौंड्रीत उमेदीची वर्षं घालवलेला माणूस एक जुना लेथ घेऊन शेड थाटतो, तेव्हा म्हणतो, "किती दिवस दुसऱ्याच्या हाताखाली राबायचं?" त्याला मूल झालं की खर्च वाढला म्हणून तो आणखी जॉबवर्क धरतो आणि पोरगं झोपल्यावर घरी येतो. त्याचीही ओढाताण असते, नाही असं नाही. पण पोराला कोण बघणार, हे त्याला ना घरात कुणी विचारत, ना बँकेत. त्याच घरातली बाई दुकानातली नोकरी सोडून शिलाई मशीन मांडते, ती पोर लहान आहे म्हणून. नवरा गेला, आता खायचं काय, म्हणून खानावळ काढणाऱ्याही आहेत. आणि धंद्याची हौस म्हणून उतरलेल्याही आहेत, त्यांना मी विसरत नाही. पण माझ्या ओळखीतल्या बहुतेकींचं उत्तर एकच: "घर बघत करता येतं."

खरंच येतं का? उडदाचं पीठ कुटून लाट्या केल्या की त्या सुकायच्या आत लाटाव्या लागतात. नेमकं तेव्हाच नळाला पाणी येतं. ते भरून होतंय तोवर पोर उठतं, सासऱ्यांचा चहा राहिलेला असतो, आणि शेजारीण म्हणते, "घरातच हाईस न्हवं, जरा गॅसवाला आला तर सिलिंडर घे." परत पोळपाटापाशी येईतो लाट्यांना वरून साय धरलेली असते. असला पापड तळताना फाटतो आणि दुकानदार पुढच्या खेपेला भाव पाडतो. शेडवर बसलेल्याला कुणी सिलिंडर घ्यायला सांगत नाही. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्या कामाची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं निघाली, पुरुषांची ८८. धंदा उरलेल्या वेळात करायचा आणि मग 'बायकांचे धंदे वाढत नाहीत' हेही ऐकून घ्यायचं.

मागवाल्यांच्या घरात तर आणखी वेगळी तऱ्हा. माग नवऱ्याच्या नावावर, कर्ज त्याच्या नावावर, आणि कांड्या भरते बायको. तिला विचारा, म्हणते, "मी काय करत नाही, घरीच असते."

सरकारनं काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. ११ जून २०२३ पासून बायकांना सरकारी बस फुकट झाली. घरच्या कर्त्या बाईला मिळणारे गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० रुपये कित्येकींचं पहिलं भांडवल ठरले. उद्योगिनी योजनेत तीन लाखांपर्यंत कर्ज आणि त्यावर सबसिडी आहे. अर्जात जात, उत्पन्न, वय, मशीनचं कोटेशन सगळं विचारतात. (अर्ज कन्नडमधून, तो शेजारचा कॉलेजातला मुलगा भरून देतो, तो विषय वेगळा.) कर्जाआधी प्रशिक्षणाला या म्हणतात, पण दोन वर्षांचं मूल घेऊन येणारीनं त्याला कुठं ठेवायचं याची सोय नाही. मुद्रा कर्जाला तारण लागत नाही हे मला पाठ आहे, तरी एका बँकेत मला आधी विचारलं, "मिस्टर काय करतात? त्यांना घेऊन या."

ताई, आम्हाला आणखी एका कर्जाची घाई नाही. आमचा वेळ मोकळा करा. खेड्यात रोजगार हमीवर जाणाऱ्या आयांसाठी तुमच्या सरकारनं 'कूसिन मने' पाळणाघरं काढली, ते चांगलंच केलं. पण शहराच्या हद्दीत रोजगार हमी नाही, त्यामुळं वडगावची शिलाईवाली त्यात बसत नाही. निपाणीत घरी बिड्या वळणारीच्या हाती रोजगार हमीचं जॉबकार्ड नसेल तर तिनं काय करायचं? पाळणाघर मजुरीच्या कार्डावर न देता कमावणाऱ्या प्रत्येक आईला द्या, शहरातल्या वॉर्डातही द्या, आणि अंगणवाडी सुटल्यावर संध्याकाळपर्यंत चालवा. तिथं सांभाळणाऱ्या बाईला मात्र धड पगार द्या, नाहीतर एकीची सोय दुसरीच्या जिवावर व्हायची.

आणि उद्योगिनीच्या अर्जात एक रकाना वाढवा: घरात लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे का, त्याला कोण बघतं? तोच प्रश्न पुरुषांच्या कर्ज अर्जातही घालायला उद्योग खात्याला सांगा. ते काय उत्तर भरतात ते वाचायला मला आवडेल.

आपली,
वडगावातली एक पापडवाली