मंत्री महोदय, आमच्या बोळाचं नाव परत द्या

माननीय मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरच्या साखर पेठेत राहते. वय एकसष्ट. आई विड्या वळायची, वडील मागावर होते, मालक, म्हणजे माझे यजमान, टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, मागांची देखभाल करणारे, आणि मी चाळीस वर्षं घरी बसून ब्लाऊज शिवले. मंत्र्याला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ आहे. चूकभूल माफ करावी, पण शेवटपर्यंत वाचावं.

गेल्या महिन्यात एका रात्री आमच्याकडे पाण्याचा दिवस होता. पाचव्या दिवशी नळ आला, तो रात्री दोनला. मालक मोटर लावून पिंपं भरत होते. पावणेतीनला हातातली नळी सुटली आणि ते तिथेच ओल्या फरशीवर बसले. डावा हात उचलेना, तोंड वाकडं झालं. शेजारच्या पोरानं रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडून पत्ता विचारला. पोरगा म्हणाला, साखर पेठ, मारुतीचा बोळ. ते म्हणाले, असा बोळ आमच्याकडे दिसत नाही, पाटीवर काय आहे ते सांगा. पाटीवर एक आकडा आणि एक आडवी रेघ आहे. तेवढंच सांगितलं. गाडी गेली जोडभावी पेठेच्या पलीकडे, तसाच आकडा असलेल्या दुसऱ्या गल्लीत.

चाळीस मिनिटं, महोदय. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि नळ चालूच होता. शेवटी टॉवेलचे गठ्ठे वाहणाऱ्या टेंपोत घालून नेलं. डॉक्टर म्हणाले, या दुखण्यात मिनिटं मोजायची असतात. मी मोजली आहेत, म्हणून तर लिहितेय. ज्या माणसाच्या बोटांना अंधारातसुद्धा तुटलेला धागा सापडायचा, तो आज चमचा धरायला शिकतोय.

पूर्वी आमच्या बोळाला पाटी होती. निळा पत्रा, पांढरी अक्षरं, वर मराठीत नाव आणि खाली कुणीतरी ब्रशनं काढलेली तेलुगू अक्षरं. अम्माला, म्हणजे माझ्या आईला, मराठी वाचता यायचं नाही, ती त्या खालच्या ओळीवरून घर ओळखायची. दोन वर्षांपूर्वी ड्रेनेजसाठी खोदकाम झालं, तेव्हा ठेकेदाराच्या माणसांनी पत्रा काढून नेला. रस्ता कसाबसा बुजवला, पण पाटी आली ती नुसत्या आकड्याची. आम्ही सतरा बायका अर्ज घेऊन एका कचेरीत गेलो. तिथले साहेब म्हणाले, "संक्रांतीच्या आत तुमची जुनी पाटी लागेल, माझा शब्द." संक्रांत होऊन गेली, साहेबांची बदलीही होऊन गेली. आता तिथे बसतात ते म्हणतात, असा अर्जच दिसत नाही. अर्जाची पोच माझ्याकडे आहे. ट्रंकेत, मालकांच्या दवाखान्याच्या कागदांशेजारी.

तुम्ही म्हणाल, एका पाटीसाठी मंत्र्याला पत्र कशाला? तर ऐका.

आमचं शहर मोठं नाही. 2011 च्या जनगणनेत 9 लाख 51 हजार माणसं मोजली होती. पण या शहरात मी घरात तेलुगू बोलते, बोळाच्या तोंडाशी किराणा घेताना कन्नड, विजापूर वेशीत लुगडं घेताना दखनी, आणि हे पत्र मराठीत लिहितेय. यातलं काहीच मी शिकायला म्हणून गेले नव्हते. पेठांतून चालत चालत आलं. बाळीवेशीत लिंगायतांची घरं, चाटी गल्लीत कापडाचे व्यापारी, लष्कर भागात वेगळी बोली, मोदी नावाच्या वस्तीत आणि रेल्वे लाइन्सला आणखी वेगळी, आणि आम्ही पूर्व भागातली पद्मशाली माणसं. आमचे पणजोबा निजामाच्या मुलखातून माग घेऊन आले. 1877 साली इथली पहिली गिरणी, आम्ही जिला जुनी गिरणी म्हणतो ती, सुरू झाली आणि माणसं येतच राहिली. नवरात्रात आमच्या भागात बतुकम्मा फुलांनी सजते, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो. हे सगळं कुठल्या आकड्यात बसवणार आहात?

गड्ड्याची यात्रा, म्हणजे आमच्या सिद्धरामेश्वरांची जानेवारीतली यात्रा, तुम्ही पाहिली असेल. तुमच्यासारख्यांना पुढच्या खुर्च्या असतात. एकदा मागून बघा. बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात. बाराबंदी घातलेली माणसं त्या उंच काठ्या कमरेला पेलून चालतात, "एकदा भक्तलिंग हर्र" म्हटलं की सगळा रस्ता "बोला हर्र" म्हणून उठतो. एकेका काठीचा मान एकेका समाजाचा, त्यात मातंग समाजाच्याही काठ्या आहेत. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, आणि अजून दर जानेवारीला तैलाभिषेकासाठी काठ्या त्या लिंगांपर्यंत जातात. आठशे वर्षं वाट चुकली नाही, कारण ठिकाणांना नावं होती आणि ती सांगणारी माणसं शेजारी राहत होती.

आणि नावांचंच म्हणाल तर 12 जानेवारी 1931 ला येरवड्याला ज्यांना फाशी दिलं ते आमचे चार हुतात्मे: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. नुसती नावं वाचा. चौघांची घरची बोली वेगळी, घरचा देव वेगळा. 1930 च्या मार्शल लॉच्या, म्हणजे लष्करी अंमलाच्या, दिवसांत इंग्रजाला हे शहर एकत्र आलेलं सहन झालं नाही. त्या चौघांच्या शहरात आज माणसाला पत्ता विचारला तर त्यानं आकडा सांगायचा.

काही जण म्हणतात, जुनी नावं नकोत, त्यात जाती असतात. डिसेंबर 2020 मध्ये जातींवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय सरकारनं घेतला. तो मला पटला, आजही पटतो. जिथे नावानं माणसाची मान खाली जाते तिथे ते नाव पुसलंच पाहिजे, आणि नवं काय ठेवायचं ते तिथल्याच माणसांनी ठरवलं पाहिजे. पण मारुतीच्या बोळानं कुणाची मान खाली घातली होती? आमचं नाव कुणी विचारून काढलं नाही आणि सांगूनही काढलं नाही. खोदकामाच्या राडारोड्याबरोबर ते गेलं.

2017 ला महापालिकेच्या निवडणुकीसाठी शहराचे प्रभाग केले 26. भागाकार मी स्वतः केला, एका प्रभागात सरासरी साडेछत्तीस हजार माणसं आली. पूर्वी नगरसेवक दारावरून जायचा, अम्मा त्याला थांबवून तुंबलेलं गटार दाखवायची. आता एका प्रभागाला चार नगरसेवक, आणि चौघंही म्हणतात, तो तुकडा माझ्याकडे नाही. मार्च 2022 ला महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, त्यानंतर तर साडेतीन वर्षांहून जास्त काळ निवडून दिलेलं कुणीच नव्हतं. त्या काळात आमच्या बायका कुणाच्या दारात जाणार होत्या?

2016 ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव आलं तेव्हा आम्ही बोळात पेढे वाटले. मी स्वतः पाव किलो आणले होते. चोवीस तास पाणी येणार म्हणाले होते. उजनी धरण भरतं, पेपरात फोटो येतो, आणि माझ्या घरी नळ पाचव्या दिवशी येतो. रात्री दोनला पाणी आलं नसतं तर त्या दिवशी माझा माणूस अंथरुणात असता. तो पडलाच नसता असं मी म्हणत नाही. पण एकसष्ट वर्षांत किती रात्री मी झोपेऐवजी पाण्याला दिल्या, याचा हिशोब मला कोण देणार? आणि हा हिशोब माझ्या एकटीचा आहे का?

1992 ला हद्दवाढ झाली, शहर पाचपटीहून मोठं झालं. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. पोरं पुण्याला गेली, हैदराबादला गेली. माझाही एक तिकडेच आहे, वॉचमनची नोकरी करतो, बापाला बघायला दोन दिवस आला आणि रजा संपली म्हणून गेला. शेजारणी कुंभारीला गेल्या. 2006 साली तिथे विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरं झाली. स्वतःचं घर मिळालं याचा मला आनंदच आहे, त्यासाठी त्या बायका वर्षानुवर्षं मोर्च्यात चालल्या. पण बघा, कामगारांनी लढून उभी केलेली वसाहत, तर तिला नाव आहे, एका झुंजार बाईचं. सरकार स्वतःहून काही करतं तेव्हा फक्त नंबर का सुचतो? रेशन कार्डाला नंबर, मीटरला नंबर, दवाखान्यात खाटेला नंबर. मालकांना तिथे अकरा दिवस "सव्वीस" म्हणून हाक मारत होते. अकराव्या दिवशी मी ओरडले, त्यांना नाव आहे म्हणून. सिस्टर बिचारी वाईट नव्हती, तिनं नंतर नावानं हाक मारली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचे उजवे ओठ हलले.

महोदय, मला नुकसानभरपाई नको. पेठ, गल्ली, बोळ, वेस, जी नावं माणसांच्या तोंडात आहेत ती सगळी पाट्यांवर परत लावा. आमच्या पूर्व भागात खाली तेलुगू ओळ असू द्या, बाळीवेशीत कन्नड, विजापूर वेशीत उर्दू. रुग्णवाहिका आणि अग्निशमनवाल्यांच्या नकाशात तीच नावं घाला, आणि घालण्याआधी दर पेठेतल्या दोन म्हाताऱ्या माणसांना विचारा. यापुढे प्रभाग आखाल तेव्हा पेठ मधोमध कापू नका. आणि पाणी दिवसा सोडा.

पाटीची वाट बघत बसायची माझी आता तयारी नाही. काल शेजारच्या पोरानं पत्र्याचा तुकडा आणला, मी निळा रंग आणला. मराठी अक्षरं मी काढली. तेलुगू ओळ मालकांना काढायची होती, त्यांचं अक्षर चांगलं. उजव्या हातात ब्रश दिला, मी पत्रा धरला. खुर्चीत सरळ बसवत नाही म्हणून ओळ थोडी खाली उतरली आहे. उद्या सकाळी ती बोळाच्या तोंडाशी लावतोय. ती काढायला माणसं पाठवणार असाल तर दिवसा पाठवा, मी घरीच असते.

आपली,
मारुतीचा बोळ, साखर पेठ, सोलापूर येथील एक रहिवासी