लीडरशिप पीपीटीवर शिकवून येत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, माझं मशिनिंगचं छोटं युनिट आहे. उन्हाळ्यात बीबीए-एमबीएची पोरं ट्रेनिंगला येतात, हुशार असतात, बोलतात छान, आणि बायोडेटात लीडरशिप वर्कशॉपची दोन-चार सर्टिफिकेटं असतातच. पण माल निघायला उशीर होतोय आणि पार्टीला, म्हणजे गिऱ्हाईकाला, फोन करून सांगायचंय की आज गाडी येणार नाही, तर तो फोन लावायला कोणी पुढे येत नाही. थकलेल्या ऑपरेटरशी कसं बोलायचं ते पण कळत नाही. यात पोरांचा दोष आहे असं मला मुळीच वाटत नाही, त्यांच्यावर आजवर कोणी खरी जबाबदारी टाकलीय का?

वर्गात मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविनचे 1939 चे नेतृत्वाचे तीन प्रकार येतात, हुकूमशाही, लोकशाही आणि मोकळं सोडणारं नेतृत्व. लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे लहान मुलांच्या क्लबमध्ये प्रत्यक्ष कामं करायला देऊन बघितलं होतं, आपल्याकडे ते उत्तरपत्रिकेपुरतं उरलंय. मग एखाद्या शनिवारी पाहुणे वक्ते येतात, टाळ्या होतात, सर्टिफिकेट मिळतं.

खरं तर बडोद्याला हे कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरजच नाही. कवळाण्याहून आलेला बारा वर्षांचा मुलगा, म्हणजे पुढचे महाराज सयाजीराव गायकवाड, इथल्या राजघराण्याने 1875 मध्ये दत्तक घेतला, शिकवला, 1881 मध्ये दिवाण टी. माधवरावांनी आणि अधिकाऱ्यांनी त्याला राज्यकारभारावर व्याख्यानं दिली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, अठराव्या वर्षी, पूर्ण अधिकार हातात दिले. म्हणजे व्याख्यानं होतीच, पण मागोमाग खरा कारभार पण आला. सयाजीरावांनी पुढे काय केलं ते इथे कोणाला सांगायला नको. आणि लांब कशाला, शेजारी आणंदला अमूलच्या डॉ. कुरियन यांनी 1979 मध्ये उभी केलेली इरमा ही ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी संस्था आहे, तिथली मुलं कोर्सचाच भाग म्हणून गावात जाऊन राहतात.

माझं म्हणणं एवढंच की कॉलेजनी कॅन्टीन नाहीतर स्टेशनरीचं दुकान वर्षभर विद्यार्थ्यांना चालवायला द्यावं. खरे पैसे, खरा सप्लायर, उधारी मागणारे मित्र, सगळं. तोटा झाला तर होऊ दे, सर-मॅडमनी हिशोब समोर ठेवून बसावं आणि कुठे चुकलं ते त्यांच्याचकडून काढून घ्यावं. आणि हो, लीडर म्हणून दर वेळी माईक धरणारा, फाडफाड इंग्लिश बोलणारा मुलगाच निवडू नका, पाळीपाळीने सगळ्यांना द्या. आमच्या गणपती मंडळात वर्गणी, परवानगी, पोलीस, विसर्जनाची गर्दी हे सगळं एक अगदी कमी बोलणारी मुलगी सांभाळते, बीकॉमला आहे, तिच्या कॉलेजला याचा पत्ता पण नसेल.

आमच्यासारख्या युनिटवाल्यांनी पण पोरांना फक्त फायली लावायला बसवू नये, हे मी आमच्या मंडळींना पण सांगत असतो. पुढच्या उन्हाळ्यात जी पोरं येतील त्यांना मी डिस्पॅचचं टेबल देणार आहे, पार्टीचे फोन त्यांनीच घ्यायचे, मी बाजूला बसेन. कॉलेजला एकच विनंती, मार्क देताना रिपोर्टची फाईल बघाच, पण आमच्या फोरमनला पण एक फोन करा.

एक वाचक,
दांडिया बाजार, वडोदरा