सही करणारे स्मिथ

वॉशिंग्टन

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, स्वतः आघाडीवर न लढणारा 'स्टाफ ऑफिसर' दिवसभर करतो तरी काय, असे तुम्ही फोनवर विचारले होते. काल आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत, दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकेचे लष्करप्रमुख जनरल मार्शल यांच्या कबरीजवळच वॉल्टर बेडेल स्मिथ यांची कबर पाहिली. तुम्हाला त्यांचीच हकीकत लिहितो.

१८९५ साली इंडियानापोलिसमध्ये जन्मलेले स्मिथ कोवळ्या वयातच नॅशनल गार्ड या राखीव सैन्यात साधे शिपाई म्हणून भरती झाले. ना पदवी, ना वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचे शिक्षण. १९१७ मध्ये ते अधिकारी झाले, पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये जखमी झाले, आणि त्यानंतर बढती अशी रेंगाळली की मेजर व्हायला १९३९ उजाडले. (तुमच्या कचेरीतल्या ज्येष्ठता याद्या आठवल्या.) फोर्ट बेनिंगच्या लष्करी शाळेत मार्शल यांनी त्यांना हेरले नसते, तर बहुधा त्याच सुमारास ते निवृत्त झाले असते.

सप्टेंबर १९४२ पासून ते दोस्त सैन्याचे सेनापती आयझेनहॉवर यांचे चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे मुख्य स्टाफ ऑफिसर, होते. सेनापती ठरवणार आणि ते ठरलेले कागदावर, जहाजांवर आणि रसदीत उतरवायचे ते स्मिथ यांनी. शिवाय साहेबांना गोड राहता यावे म्हणून नकार कळवण्याचे कामही त्यांच्याच वाट्याला यायचे. साहजिकच ते तापट म्हणून प्रसिद्ध होते, आणि पोटात अल्सर घेऊन राबत होते. आई, जेवणाच्या वेळा चुकवल्याबद्दल तू त्यांनाही बाबांसारखेच फैलावर घेतले असतेस.

७ मे १९४५ रोजी पहाटे २ वाजून ४१ मिनिटांनी, फ्रान्समधल्या रेम्स येथील एका शाळेत, जर्मनीच्या शरणागतीवर जर्मन जनरल जोडल यांनी सही केली. आयझेनहॉवर त्या खोलीत आलेच नाहीत. त्यांच्या वतीने सही केली ती स्मिथ यांनी. नंतर वरिष्ठांना ही बातमी कळवण्यासाठी हाताखालच्या मंडळींनी एकापेक्षा एक भारदस्त मसुदे रचले, पण आयझेनहॉवर यांनी ते सगळे बाजूला सारून, सोपवलेली कामगिरी पूर्ण झाली, एवढ्याच आशयाचे एक वाक्य धाडले. बाबा, मसुद्यांची ही गत तुम्हाला नवी नाही.

पुढे स्मिथ मॉस्कोत अमेरिकेचे राजदूत झाले, नंतर सीआयएचे प्रमुख. १९६१ मध्ये वारले.

सोबत त्या पहाटेचे छायाचित्र जोडले आहे. टेबलाशी दोस्तांचे अधिकारी दाटीने बसले आहेत; त्यांतले स्मिथ कोणते, ते चष्मा लावून आधी तुम्हीच ओळखा.

आपला
चिरंजीव