सत्तावीस तास

ती. आई-बाबांस, सा. न.

बाबा, रविवारी तुम्ही विचारलंत, "मेलबर्न नक्की किती लांब गं?" आणि मी "फार नाही" म्हणून विषय बदलला. तेव्हापासून चैन नाही. डिसेंबरात कायमची येणार होते, पण इथलं काम आणखी ३ वर्षांसाठी घेतलंय. परवा सही केली. आधी विचारायला हवं होतं. पण आई "तुला बरं वाटेल ते कर" म्हणाली असती आणि माझा हातच उचलला नसता. घराचं कर्ज याच ३ वर्षांत फिटतंय, एवढं लक्षात घ्या.

आता खरं सांगते. मुंबईपासून मेलबर्न सरळ रेषेत सुमारे ९,८०० किलोमीटर. मी सिंगापूरवरून येते. तिथपर्यंत जवळजवळ ८ तास, पुढे मुंबई साडेपाच. इकडे येताना वारा पाठीशी असतो, घराकडे निघालं की समोरून, म्हणून परतीलाच वेळ जास्त लागतो. मधला थांबा, विमानतळावर ३ तास आधी पोचणं, मुंबईहून साताऱ्याचे ६ तास, सगळं धरून इथलं कुलूप लावल्यापासून आपल्या अंगणात पाय ठेवेपर्यंत २७ तास. तेही तिकीट लगेच मिळालं तर.

तुम्ही आजीचं नाव काढलं नाहीत, पण मनात तेच होतं ना? तेव्हा मी पुण्यात होते, ३ तासांवर. तरी उशीरच झाला. तुम्ही त्यावरून कधी एक शब्द बोलला नाहीत, बाबा. तेच जास्त लागतं.

माझी काळजी करू नका. इथे तूरडाळ, ज्वारीचं पीठ, सगळं मिळतं. आईने दिलेलं मेतकूट अजून अर्धी बरणी आहे, पुरवून खातेय. तुमचा सकाळी ७ चा चहा म्हणजे माझे साडेअकरा. ऑक्टोबरात इथली घड्याळं तासभर पुढे गेली की साडेबारा. त्या वेळेला फोन माझाच, रोज.

आणि ऐका. बाबा, बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. न्हाणीघरात दांडा बसवून घ्या, या आठवड्यातच. आई, गुडघ्यांसाठी जिना बंद. वाळवणं वर नेऊन टाकायला शेजारच्या मुलाला सांग, लाजू नकोस. ऑपरेशनची तारीख ठरली की आधी मला कळवा. मी ८ दिवस आधी येऊन बसेन, महिनाभर हलणार नाही. तसं ऑफिसात बोलून ठेवलंय.

बाबा, कॉलेजला असताना एसटी खंबाटकी उतरली की मी फोन करायचे आणि मगच तुम्ही जेवायला बसायचात. दिवाळीला येईन तेव्हा सिंगापूरहून करेन, मुंबईत उतरल्यावर करेन आणि खंबाटकीतूनही करेन. फक्त या वेळी जेवून घ्या.

तुमची,
मनू