येळवशीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लातूरला मी चौदा वर्षं क्लासेससाठी गावाहून आलेल्या मुलांची मेस चालवते. एका वेळेला साठ-सत्तर ताटं होतात. कोणाचं पोट बिघडलंय, कोणाचे घरून पैसे आले नाहीत, हे मला ताटावरून कळतं असं मी धरून चालले होते. एका मुलाच्या बाबतीत मी साफ चुकले, म्हणून हे पत्र.

अकरावीला आला तेव्हा वाढायला उशीर झाला की हा मुलगा रिकाम्या ताटावर बोटांनी हलगीचा ठेका धरायचा. धपाटे असले की दह्यात शेंगदाण्याची चटणी कालवून चौथं धपाटं मागायचा. बारावीच्या दिवाळीनंतर ठेका बंद झाला. समोर काहीही असो, तेवढेच चार घास खाऊन उठायचा. अन्न टाकतोस म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर बोलले. त्याचं मला आजही वाईट वाटतं. नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या, सराव टेस्टमध्ये मात्र त्याला 720 पैकी सहाशेच्या वरच मार्क पडत होते, त्यामुळे क्लासला काही वावगं दिसलं नाही. वडील फोनवर म्हणाले, "मोबाईलचं वेड लागलंय, काढून घ्या." मोबाईल तो बघायचा खरा, पण अंगठ्यानं नुसता सरकवत राहायचा. एकाही व्हिडिओला मी त्याला हसताना पाहिलं नाही.

येळवशीची, म्हणजे शेतात जाऊन साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावस्येच्या सणाची सुट्टी होती, पण दुसऱ्या दिवशी सकाळीच पूर्ण अभ्यासक्रमाची टेस्ट. पोरं गावी गेलीच नाहीत. सात-आठ जणांना मी आमच्या शेतात नेलं. कडब्याच्या कोपीत पांडव पुजले, भज्जी, उंडे, गार अंबील, सगळं होतं. बाकीची पोरं हरभऱ्यात हुंदडत होती. हा अंबिलाचा पेला हातात धरून बांधावर बसलेला. गोड झालंय का विचारलं तर म्हणाला, "काकू, मला काहीच वाटंना. वाईट पण वाटंना."

पुढं आई-वडिलांबरोबर मीही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. ते म्हणाले, नैराश्य म्हणजे रडणंच असं नाही. आवडत्या गोष्टीतली गोडी जाणं हे त्याचं तेवढंच मोठं लक्षण आहे. महिनोन्‌महिने ताण राहिला की कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन चढलेलं राहू शकतं आणि एखाद्या गोष्टीची ओढ लावणारी, ती मिळाल्यावर बरं वाटू देणारी मेंदूतली यंत्रणा थंडावू शकते. या वयात ती अजून घडत असते, म्हणून घाव जास्त बसतो. अशी मुलं कधी गप्प होतात, कधी नुसती चिडचिड करतात, आणि आपण म्हणतो माज आलाय. दोन आठवड्यांच्या वर असं चाललं तर दाखवायलाच हवं. हे ऐकताना वडिलांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली ती शेवटपर्यंत तशीच. मुलगा आता घरी आहे, औषध चालू आहे, हळूहळू सावरतोय. नीटची परीक्षा त्या वर्षी दिली नाही.

मला ज्याचा राग येतो ते असं. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाची जानेवारी 2024 ची क्लासेससाठीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. दिवसाला पाच तासांहून जास्त शिकवू नये, दर आठवड्याला एक सुट्टी द्यावी, तिच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा घेऊ नये, त्या-त्या भागातल्या मोठ्या सणाला मुलांना घरच्यांत जाता येईल अशा बेतानं सुट्ट्या द्याव्यात. आमच्या भागात येळवशीहून मोठा सण कोणता? कागदावर सगळं आहे. ते चालतंय का हे बघायला आमच्या गल्लीत कोणी आलेलं मी तरी पाहिलं नाही.

आई-बापांनो, रविवारी फोन केला की आधी "किती पडले?" विचारता. त्याआधी "काय खाल्लं, चव लागली का?" एवढं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर मी मेसच्या दाराशी लावलाय. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

आणि क्लासवाल्यांनो, येत्या येळवशीच्या आदल्या संध्याकाळी पोरांना गावच्या गाडीत बसू द्या. दुसऱ्या दिवशीची टेस्ट पुढच्या आठवड्यात घ्या.

मुलाची ओळख उघड होऊ नये म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक मेसवाली काकू, लातूर