लांब पल्ल्याच्या सायकल सफरीत रिकंबंटलाही जागा हवी

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

बेळगाव परिसरात नुकत्याच झालेल्या लांब पल्ल्याच्या सायकल सफरीचे वृत्त आपल्या दैनिकात वाचले. थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे इतके लोक सायकली घेऊन महामार्गावर उतरतात ही आपल्या सीमाभागासाठी चांगली गोष्ट आहे, आणि त्यामागे आयोजकांचे कष्ट किती असतात याची मला कल्पना आहे. मात्र त्याच सफरीच्या आरंभस्थानी मी पहाटे साडेपाचला उभा होतो आणि सफर सुरू होण्यापूर्वीच मला घरी परतावे लागले, हे वाचकांसमोर मांडणे मला आवश्यक वाटते. माझी सायकल रिकंबंट, म्हणजे पाठ टेकून आणि पाय पुढे पसरून चालवायची आहे, एवढेच त्याचे कारण होते. नोंदणीच्या अर्जात सायकलचा प्रकार लिहायला रकानाच नव्हता, म्हणून मी आधी फोन करून विचारले होते. तेव्हा "सायकल असली म्हणजे झाले" असे उत्तर मिळाले. प्रत्यक्षात तिथल्या स्वयंसेवकाने सायकलकडे पाहून "काका, ही सायकल नव्हे की" असे सांगितले. तो तरुण उद्धट नव्हता आणि शुल्कही त्याच दिवशी परत मिळाले, त्यामुळे माझी तक्रार व्यक्तीबद्दल किंवा पैशांबद्दल नाही. ही सायकल नव्हे, या समजुतीबद्दल आहे.

मी उद्यमबागेत तीस वर्षे लेथवर काम केले. निवृत्तीच्या सुमारास मानेच्या मणक्यांचे दुखणे जडले आणि साध्या सायकलवर पुढे वाकून, मान वर करून तासभर बसणेही अशक्य झाले. लांब अंतर चालवणाऱ्या धडधाकट माणसांनाही मानेचा त्रास होतोच. १९८३ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतच्या शर्यतीत मायकेल शर्मर या सायकलपटूच्या मानेचे स्नायू इतके थकले की डोके उचलून धरणे त्याला जमेना, आणि तेव्हापासून त्या अवस्थेला त्याचेच नाव पडले. रिकंबंटवर पाठ पूर्ण टेकलेली असते, मान सरळ राहते आणि मनगटांवर शरीराचे वजन पडत नाही. ही सायकल आपल्याकडच्या दुकानांत सहसा मिळत नाही. मी ती जुनी घेतली. तिची चेन साध्या सायकलच्या चेनीच्या जवळजवळ तिप्पट लांब असून सीटखालून जाताना ती एका छोट्या पुलीवरून वळते. त्या पुलीचे दात झिजून चेन उडू लागली, तेव्हा सुटे भाग कुठेच मिळेनात, म्हणून ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नायलॉनचा तुकडा लेथला लावून मी नवी पुली स्वतः कातून बसवली. आज दोन वर्षे झाली, ती बिनतक्रार चालते आहे.

याच सायकलवर मी गेल्या वर्षी २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायची पण क्रमांक न काढणारी लांब पल्ल्याची सफर, वेळेत पूर्ण केली. बेळगावहून काकती, यमकनमर्डी, संकेश्वर करत निपाणीच्या पुढे जायचे आणि त्याच रस्त्याने परतायचे, असा मार्ग होता. अशा ब्रेव्हेसाठी १३ तास ३० मिनिटांची मुदत असते. मला १२ तास १० मिनिटे लागली. जाताना वंटमुरीच्या उतारावर मी बरोबरच्या सगळ्यांच्या पुढे होतो. परतताना निपाणीहून तवंदी घाट चढताना मात्र सगळे मला ओलांडून गेले, कारण या सायकलवर पायडलवर उभे राहून जोर लावता येत नाही. लहान गिअर टाकून, ताशी सहा-सात किलोमीटरच्या वेगाने, तोल सांभाळत बसूनच चढावे लागते. चढावर थांबायचे झाले तर थांबण्याआधीच गिअर उतरवून ठेवावा लागतो, नाहीतर पुन्हा निघणे कठीण जाते. त्या दिवशी तेवढे मी विसरलो आणि घाटाच्या मध्यावर दोनदा निघता निघता पाय टेकला. मागून येणारा उसाचा ट्रॅक्टर थांबवून चालकाने "एनात्री?" म्हणून चौकशी केली, हाताने सीट धरून ठेवली आणि मी पायडल मारून सुटल्यावरच तो आपल्या ट्रॅक्टरकडे वळला. रस्त्यावरच्या माणसांना ही सायकल पहिल्यांदा पाहून नवल वाटते, पण ती सायकल आहे याविषयी त्यांच्यापैकी अजून कोणी शंका घेतलेली नाही.

नियम काय सांगतात हेही पाहावे. ब्रेव्हे जगभर ज्या संस्थेच्या नियमांनुसार होतात त्या पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबची अट अशी आहे की वाहन केवळ माणसाच्या ताकदीवर चालावे आणि त्याची रुंदी एक मीटरपेक्षा जास्त नसावी. या अटीत रिकंबंट बसते, तीन चाकांची बसते आणि दोघांनी मिळून चालवायची टँडेमही बसते. १८९१ साली सुरू झालेल्या आणि आता दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या सुमारे १२०० किलोमीटरच्या सफरीत अशा सायकलींचा वेगळा गट करून त्यांना सुटण्याची वेगळी वेळ दिली जाते. आपल्याकडची ताजी सफर ब्रेव्हे नव्हती, आयोजकांचे स्वतःचे नियम होते, हे मला मान्य आहे. तरीही जे नियम कित्येक वर्षांच्या अनुभवातून तयार झाले आहेत, ते हाताशी असताना ऐनवेळी आरंभस्थानावर निर्णय घेण्याची वेळ का यावी, हा प्रश्न उरतोच.

रिकंबंटला मनाई असते असे त्या दिवशी कोणीतरी ऐकीव सांगितले. त्याचे मूळ जुने आहे आणि ते शर्यतींपुरते आहे. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर या सायकलपटूने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या रिकंबंटवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले आणि ऑस्कर एगचा १९१४ पासूनचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मोडला. फोर हा काही त्या काळचा पहिल्या फळीतला सायकलपटू नव्हता. सायकलला वेग आला की चालवणाऱ्याची बहुतेक ताकद वारा कापण्यात खर्च होते, आणि टेकून बसलेल्या माणसाला वारा कमी अडवतो. फरक पडला तो त्यामुळे. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतीची सायकल कशी असावी याची व्याख्या अशी केली की रिकंबंट आपोआप बाहेर पडली. पण ज्या सफरीत क्रमांक काढले जात नाहीत, पहिला आणि शेवटचा यांना सारखेच प्रमाणपत्र मिळते, तिथे या व्याख्येचा संबंध येत नाही.

खरा आक्षेप सुरक्षिततेचा असू शकतो आणि तो मी गंभीरपणे घेतो. ही सायकल बुटकी असते, गर्दीत ती चटकन नजरेत येत नाही आणि चालवणाऱ्याला मान वळवून मागचे नीट दिसत नाही. म्हणूनच माझ्या सायकलला दोन्ही बाजूंना आरसे आहेत, सीटमागे माणसाच्या उंचीएवढ्या काठीवर केशरी झेंडी आहे, मागे दोन लाल दिवे आहेत आणि अंगावर चमकणारे जाकीट असते. चढावर मंद आणि उतारावर वेगवान असल्यामुळे साध्या सायकलींच्या घोळक्यात ती नीट मिसळत नाही, हेही खरे आहे; तेव्हा आम्हाला सर्वांच्या नंतर दहा मिनिटांनी सोडले तरी माझी हरकत नाही. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अचानक ब्रेक लावावा लागला तर या सायकलवरून माणूस हँडलवरून डोक्यावर आपटत नाही, आणि पडलाच तरी फूट-दीड फुटावरून पडतो. गळीत हंगामात आपल्या महामार्गावर रात्री रिफ्लेक्टरशिवाय उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉल्यांची भीती सर्वच सायकलस्वारांना सारखी आहे. त्या विषयावर वेगळे पत्र लिहावे लागेल.

त्या पहाटे माझ्या मागे रांगेत शहापूरचे एक गृहस्थ उभे होते. त्यांच्या मुलाच्या एका पायात लहानपणापासून ताकद कमी आहे, आणि त्याच्यासाठी तीन चाकांची रिकंबंट घ्यावी असे त्यांच्या मनात होते. मला परत पाठवल्यावर ते माझ्याबरोबर कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापर्यंत चालत आले आणि अशी सायकल घेऊन मुलाला कुठल्या सफरीत भाग घेता येईल का, असे त्यांनी विचारले. मी त्यांना ब्रेव्हेचे नियम सांगितले. आपल्याच गावातल्या सफरीबद्दल मात्र मला त्यांना काहीच खात्रीने सांगता आले नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागांत सायकल सफरी भरवणाऱ्या सर्व मंडळांना माझी विनंती आहे की कोणत्या प्रकारच्या सायकली चालतील आणि त्यांना आरसा, झेंडी, दिवे यांच्या कोणत्या अटी असतील, हे नोंदणीच्या अर्जावरच छापावे. येत्या हंगामातील सफरींची नोंदणी सुरू होण्यापूर्वी हे व्हावे. कोणत्याही मंडळाला ही सायकल तपासून पाहायची असल्यास मी ती घेऊन कोणत्याही रविवारी यायला तयार आहे.

आपला विश्वासू,
एक सायकलस्वार वाचक,
टिळकवाडी, बेळगाव